लाग्वार्डिया हायस्कूल: मराठी पालकांकडून नेहमी येणारे प्रश्न

दरवर्षी गणपतीत आरती आटोपली, की हॉलच्या दाराशी चपला शोधताना कुणीतरी मला गाठतंच. "तुमची लेक त्या लाग्वार्डियात होती ना? आमच्याकडेही मुलगा छान गातो, पण..." त्या 'पण'नंतर जे येतं ते जवळजवळ प्रत्येक घरात सारखंच असतं. माझी लेक तिथे चित्रकलेच्या स्टुडिओत चार वर्षं शिकली. घाईत, उभ्या उभ्या दिलेली उत्तरं अपुरी पडतात, म्हणून ती इथे सवडीनं लिहून ठेवली आहेत. अर्जाच्या तारखा आणि ऑडिशनचे बारीक नियम दरवर्षी थोडे बदलतात. ते मात्र न्यू यॉर्क शहराच्या शिक्षण विभागाकडूनच पाहून घ्या.

ही नेमकी कसली शाळा आहे?

न्यू यॉर्क शहराची सरकारी शाळा. पूर्ण नाव फिओरेलो एच. लाग्वार्डिया हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट अँड परफॉर्मिंग आर्ट्स. इयत्ता नववी ते बारावी, सुमारे अडीच हजार मुलं. मॅनहॅटनमध्ये अॅम्स्टरडॅम अॅव्हेन्यूवर, लिंकन सेंटरच्या पाठीला लागून.

इथली मुलं गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास आणि एक परकी भाषा हे सगळं इतर हायस्कूलांसारखंच शिकतात. त्याशिवाय निवडलेल्या कलेचं रोज सलग काही तासिकांचं शिक्षण होतं, आणि तेही त्या कलेत पुढे व्यवसाय करायचा झाला तर पाया पक्का हवा या बेतानं. शाळा सुटल्यावरचा क्लास किंवा गॅदरिंगपुरती बसवलेली नाटुकली, असा हा प्रकार नाही. कलेच्या तासाला हजेरी असते, गृहपाठ असतो, गुण असतात, आणि काम कच्चं राहिलं तर ते पुन्हा करावं लागतं.

फी किती?

काही नाही. शिकवणीची फी नाही, अर्जाची नाही, ऑडिशनचीही नाही. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांसारखं दुपारचं जेवण मोफत असतं, आणि ओम्नी कार्डावर मेट्रो-बसच्या रोज चार फेऱ्या मोफत मिळतात. खर्च होतो तो रंग, ब्रश, नाचाचे बूट, वाद्याची देखभाल यांचा. ज्या शहरात खासगी शाळेची वर्षाची फी ऐकून माणूस खाली बसतो, तिथे असं शिक्षण फुकट मिळतं ही साधी गोष्ट नव्हे. माझ्या मते या शाळेबद्दल सर्वांत आधी सांगायला हवं ते हेच.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलीला पाठवता येईल का?

नाही. मूल न्यू यॉर्क शहराच्या पाच विभागांपैकी एकात राहणारं हवं: मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स किंवा स्टेटन आयलंड. न्यू जर्सी बाद, आणि हिक्सव्हिलही बाद, कारण ते नासॉ काउंटीत येतं. फ्लोरल पार्कला राहणाऱ्यांनी घर हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी बघावं. तिथे गावाचं नाव एकच, पण अर्धा भाग क्वीन्समध्ये आणि अर्धा नासॉत आहे.

व्हिसाचा मात्र प्रश्न येत नाही. शहरातल्या सरकारी शाळांत मुलाची इमिग्रेशनची स्थिती पाहून प्रवेश ठरत नाही. एच-४ वर आलेली मुलंही अर्ज करू शकतात.

न्यू जर्सीकरांनी नाराज होऊ नये. अमेरिकेतलं कलेला वाहिलेलं पहिलं सरकारी हायस्कूल तुमच्याकडेच, नेवार्कला, १९३१ साली सुरू झालं. आर्ट्स हाय म्हणून ते आजही चालू आहे. जॅझ गायिका सेरा व्हॉन आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर तिथलेच.

शाळा जुनी आहे का? 'फेम' सिनेमातली ती हीच का?

हो, पण जरा तपशिलात सांगावं लागेल, कारण ही मुळात दोन शाळांची मिळून झालेली एक शाळा आहे.

पहिली शाळा म्युझिक अँड आर्ट, १९३६ सालची. लाग्वार्डिया तेव्हा शहराचे महापौर होते. त्यांचे वडील लष्करात बँडमास्टर होते, त्यामुळे घरात संगीत होतंच. पण लक्षात घ्या, तो काळ महामंदीचा होता. लोकांना काम नव्हतं, शहराच्या तिजोरीत पैसा नव्हता, आणि अशा वेळी या माणसानं गरिबांच्या मुलांना चित्र आणि संगीत शिकवणारी सरकारी शाळा काढली. हार्लेममध्ये टेकडीवरच्या दगडी, गॉथिक धाटणीच्या इमारतीत ती भरायची. मुलं तिला 'किल्ला' म्हणत.

दुसरी शाळा परफॉर्मिंग आर्ट्सची, १९४८ ची. टाइम्स स्क्वेअरजवळ ४६ व्या रस्त्यावर, नाटक, नृत्य आणि संगीतासाठी. तिची कल्पना फ्रँकलिन केलर यांची. व्यवसायशिक्षण हे त्यांचं क्षेत्र होतं. सुतारकाम किंवा छपाई शिकवतात तसा अभिनयही धंदा म्हणून शिकवता येतो, असा त्यामागचा विचार होता. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यात कलेला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, हाताला काम म्हणून दिलेलं आहे.

दोन्ही शाळा १९६१ साली कागदोपत्री एक झाल्या. एका छपराखाली यायला मात्र १९८४ उजाडलं. लाग्वार्डिया १९४७ सालीच गेले होते. १९८० चा 'फेम' हा सिनेमा ४६ व्या रस्त्यावरच्या शाळेवर बेतलेला आहे, पण प्रत्यक्ष शाळेत चित्रीकरण करायला शिक्षण मंडळानं परवानगी दिली नव्हती. तेव्हा पडद्यावरचे ते वर्ग शोधत शाळेत जाल तर सापडणार नाहीत.

कोणकोणत्या कला शिकवतात?

चित्र-शिल्प, नृत्य, नाट्य, वाद्यसंगीत, कंठसंगीत आणि रंगमंच तंत्र. प्रत्येक विभागाला 'स्टुडिओ' म्हणतात. मुलाला प्रवेश मिळतो तो एका स्टुडिओत, आणि चार वर्षं तोच स्टुडिओ राहतो. नाट्यात घुसून मग नृत्याकडे वळू, असा हिशेब करू नका. अर्ज करताना एकाहून जास्त स्टुडिओंसाठी ऑडिशन देता येते, आणि एकाहून जास्त ठिकाणी निवडही होऊ शकते. मग कुठला घ्यायचा ते मुलानं ठरवायचं.

रंगमंच तंत्राबद्दल चार शब्द जास्त लिहिते, कारण आपले पालक त्या नावावरून नजर पुढे सरकवतात. नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा हे सगळं त्यात येतं. 'पुरुषोत्तम' किंवा 'फिरोदिया' स्पर्धा ज्यांनी बॅकस्टेजला राहून केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हातोडी घेऊन नेपथ्याचा फ्लॅट उभा करणारा, लाइट्सचे क्यू तोंडपाठ असणारा आणि प्रयोगाच्या दिवशी सर्वांत शांत असणारा तो मुलगा आठवा. हे पंधराव्या वर्षी रीतसर शिकवणाऱ्या सरकारी शाळा फार थोड्या असतील. ज्या मुलाला नाटक आवडतं पण प्रकाशात उभं राहायला आवडत नाही, त्याच्यासाठी हा स्टुडिओ सोन्यासारखा आहे.

प्रवेश कसा मिळतो? स्टायव्हसंटची परीक्षा द्यावी लागते का?

नाही. शहरात 'स्पेशलाइज्ड' म्हणून ओळखली जाणारी नऊ हायस्कूलं आहेत. त्यांपैकी स्टायव्हसंटसह आठ शाळांसाठी एकच लेखी परीक्षा असते, तीच ती एसएचसॅट. नववी शाळा लाग्वार्डिया. तिथे लेखी परीक्षा नाही, ऑडिशन असते, आणि चित्रकलेसाठी पोर्टफोलिओ. मूल दोन्हीकडे प्रयत्न करू शकतं, आणि दोन्हीकडून होकारही येऊ शकतो. अशा वेळी घरात जो पेच पडतो तो मी दोन-तीन कुटुंबांत जवळून पाहिला आहे.

अर्ज 'मायस्कूल्स' या शहराच्या संकेतस्थळावरून होतो. मूल आठवीत असताना शरद ऋतूत अर्ज सुरू होतात, आणि निकाल साधारण मार्चमध्ये लागतो. महासाथीपासून ऑडिशनचे व्हिडिओ आणि चित्रांचे फोटो तिथेच चढवावे लागतात. आठवीत जमलं नाही तर नववीतून दहावीसाठी पुन्हा अर्ज करता येतो, पण त्या जागा कमी असतात.

मुलगी सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. त्याचा उपयोग होईल का?

होईल, पण अर्धाच. बाकीचा अर्धा भाग तिला नव्यानं शिकावा लागेल, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं.

उपयोग कानाचा. कंठसंगीताच्या ऑडिशनमध्ये साथीशिवाय गाणं म्हणायला लावतात. शिवाय वाजवून दाखवलेली स्वरांची किंवा तालाची छोटी आकृती ऐकून जशीच्या तशी परत करायला सांगणं, हीदेखील अशा ऑडिशनची जुनी पद्धत आहे. ज्या मुलीनं बाईंसमोर बसून वर्षानुवर्षं पलटे घोटले आहेत, बाईंनी घेतलेली जागा पुढच्या क्षणी गळ्यातून काढली आहे, तिला यात भीती नसावी. तंबोऱ्याशी सूर मिळवणारं मूल साथीशिवाय गातानाही सहसा ढळत नाही.

अडचण येते ती नोटेशनची. आपल्याकडे गाणं कानावाटे जातं, तिथे ते कागदावरही वाचावं लागतं. पाच रेघांची लिपी सहा महिने तरी आधी शिकवायला घ्या. त्याहून मोठी अडचण हार्मनीची. आपलं संगीत एका रेषेचं आहे. शेजारची मुलगी वेगळा सूर लावून उभी असताना आपला सूर न सोडणं, ही सवय आपल्या मुलांना नसते. उलट सगळ्यांचा सूर एक झाला की बरं, हेच त्यांना शिकवलेलं असतं. जवळच्या शाळेत किंवा चर्चमध्ये कॉयर (गायकवृंद) असेल तर वर्षभर तिथे पाठवा. गाणं नीट निवडा. ख्यालातला तुकडा ऐकवून परीक्षकांना थक्क करू, हा विचार सोडून द्या. तिच्या आवाजाच्या पट्टीत बसणारं, अर्थ कळून गाता येईल असं साधं गाणं घ्या.

तबला, हार्मोनियम, कथक, भरतनाट्यम् चालतं का?

वाद्यसंगीताचा स्टुडिओ पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आणि बँड यांच्या भोवती उभा आहे: व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, तालवाद्यं वगैरे. त्या वर्षीची वाद्यांची यादी वाचूनच ठरवा. तबल्याचा हात असलेल्या मुलाची लय पक्की असते, पण त्याला स्नेअर ड्रम आणि मॅलेट (वाजवायच्या काठ्या) हातात घ्यायला वेळ द्यावा लागेल.

नृत्याच्या स्टुडिओचा कणा बॅले आणि मॉडर्न डान्स हा आहे, आणि निवड करताना या दोन्हींची तयारी पाहतात. भरतनाट्यम् शिकलेल्या मुलींना गुडघे बाहेर वळवून अरमंडीत बसायची सवय असते, ती उपयोगी पडते. पण आपलं नृत्य जमिनीला धरून असतं आणि बॅलेची ओढ वर असते. हा फरक अंगात मुरायला वेळ लागतो. कथकची घुंगरं उतरवून थेट ऑडिशनला जाऊ नका, निदान दीड-दोन वर्षं बॅलेचा वर्ग करा.

चित्रकलेच्या पोर्टफोलिओत काय ठेवावं?

हे मी घरच्या अनुभवातून सांगू शकते. महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या पालकांनी आपल्या परीक्षा आठवाव्यात: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. यातलं वस्तुचित्र इथे सर्वांत जास्त कामाला येतं. समोर ठेवलेली वस्तू डोळ्यांनी पाहून, तिची सावली ओळखून कागदावर उतरवणं.

आपली मुलं बहुतेक फोटोवरून काढतात. गणपती, कार्टून, अॅनिमेतले चेहरे. रेघ सफाईदार येते, पण ते बघणं दुसऱ्याचं असतं. माझ्या लेकीच्या पहिल्या गठ्ठ्यात अशी तेरा चित्रं होती. तिच्या चित्रकलेच्या बाईंनी ती सगळी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आता हात काढ. स्वतःचा डावा हात. रोज." तिनं तो चार महिने काढला. मग स्वयंपाकघरातला कुकर, पोळपाट, फ्रीजवर ठेवलेली औषधं, झोपलेले बाबा, सात नंबरच्या मेट्रोत पेंगणारी माणसं. पोर्टफोलिओत यांतलीच चित्रं गेली. कुकरचं चित्र अजून आमच्या भिंतीवर आहे.

रंगीत, पूर्ण केलेली चित्रं असू द्या, पण वहीतली कच्ची रेखाटनंही असू द्या. फोटो दिवसाच्या उजेडात, सरळ वरून काढा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत चांगलं चित्रही मळकट दिसतं.

ऑडिशनसाठी खासगी क्लास लावावा का?

परवडत असेल आणि मुलाला हवा असेल तर लावा. पण घोटून घेतलेलं स्वगत ऐकणाऱ्याला लगेच कळतं. प्रत्येक वाक्याला हात कुठे न्यायचा हेसुद्धा शिकवलेलं असतं. नाट्याला सहसा वेगवेगळ्या धाटणीची दोन छोटी स्वगतं मागतात. मुलाच्या वयाची पात्रं घ्या. तेरा वर्षांच्या पोरानं मरणासन्न राजा करू नये.

इतक्या कलेत अभ्यासाचं काय होतं?

इतर शाळांसारखेच ४४ क्रेडिट पूर्ण करावे लागतात, राज्याच्या रीजंट्स परीक्षा असतात, ज्यांना झेपतात त्यांच्यासाठी कॉलेजच्या तोडीचे एपीचे वर्ग असतात. दिवस मात्र लांबतो. नाटकाच्या तालमी, ऑर्केस्ट्राचा सराव हे सगळं शाळेनंतर. आमच्याकडे रात्री साडेदहाला रसायनशास्त्राची वही उघडायची. पहिलं वर्ष खडतर गेलं, हे लपवणार नाही.

तोल कुठे साधायचा याबद्दल खुद्द शाळेतही वाद झाले आहेत. २०१९ मध्ये मुलांनी शाळेतच ठिय्या दिला. गुणांना आणि अभ्यासाला जास्त महत्त्व दिलं जातंय आणि कला मागे पडते आहे, अशी त्यांची तक्रार होती. आपल्याकडच्या बहुतेक पालकांना तक्रार याच्या उलट असायला हवी होती असं वाटेल. मला मात्र त्या मुलांचं कौतुक वाटतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं "आम्हाला आमची कला नीट शिकू द्या" म्हणून एकत्र बसली.

कला शिकून पुढे करणार काय? पोट कसं भरणार?

'पण'नंतर येणारा प्रश्न हा. त्याला मी टाळत नाही, कारण मीही तो रात्र-रात्र जागून विचारला आहे.

पहिली गोष्ट, इथून निघालेलं मूल कुठल्याही कॉलेजात कुठल्याही विषयासाठी अर्ज करू शकतं. दार बंद होत नाही. या शाळेतून जीवशास्त्राला, कायद्याला, संगणकशास्त्राला जाणारी मुलंही असतात. माझी लेक आता वास्तुकला शिकते आहे, आणि तिथे पहिल्या वर्षी तिचा हात वर्गात सर्वांत मोकळा होता.

दुसरी गोष्ट, कला म्हणजे फक्त नट आणि गायक नव्हेत. 'आय लव्ह न्यू यॉर्क'चं ते लाल हृदयाचं बोधचिन्ह टी-शर्टवर, कपावर, सगळीकडे दिसतं. ते रेखाटणारे मिल्टन ग्लेझर म्युझिक अँड आर्टचे विद्यार्थी. परफॉर्मिंग आर्ट्समधून बाहेर पडलेले आर्थर मिचेल १९५५ साली न्यू यॉर्क सिटी बॅलेत गेले. कृष्णवर्णीय नर्तकाला बॅलेत जागाच नाही असं मानलं जाई, त्या काळात ते तिथले प्रमुख नर्तक झाले. पुढे १९६९ मध्ये त्यांनी डान्स थिएटर ऑफ हार्लेम सुरू केलं. अभिनेता टिमथी शालमे नाट्याचा विद्यार्थी, तर आज अभिनेत्री म्हणून गाजणारी ऑक्वाफिना तिथे ट्रम्पेट शिकत होती. अल पचिनो परफॉर्मिंग आर्ट्समध्ये होता, पण त्यानं शाळा पुरी केली नाही.

ही नावं मी तुमचं मूल असंच होईल म्हणून सांगत नाही. बहुतेक मुलं प्रसिद्ध होत नाहीत. पण चार वर्षं रोज आपलं काम लोकांसमोर ठेवायचं, "हे जमलं नाही" ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा करायला बसायचं, ही शिस्त मी माझ्या लेकीत येताना पाहिली. दहावीच्या क्लासेसनी मला ती दिली नव्हती.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात अशी शाळा आहे का?

अगदी अशी, सरकारी आणि शालेय वयात दोन्ही बाजू एकत्र सांभाळणारी, माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे कलेच्या परीक्षांची परंपरा मजबूत आहे: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत, आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट. दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. पण ते गुण मिळवले की कला बंद, हेही घरोघरी पाहिलेलं आहे. मुंबईची १८५७ सालची जे. जे. कला शाळा, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, गोव्याचं आल्तिनोवरचं कला महाविद्यालय ही सगळी बारावीनंतरची दारं. चौदा ते अठरा ही वर्षं, जेव्हा हात आणि गळा घडतो, ती क्लासच्या वेळापत्रकात जातात. शासनानं एका तरी जिल्ह्यात अशी शाळा काढून पाहावी असं मला मनापासून वाटतं.

नाहीच मिळाला प्रवेश तर?

हजारो मुलं अर्ज करतात, तेव्हा हे होऊ शकतं. क्वीन्समध्ये अॅस्टोरियाला फ्रँक सिनात्रा स्कूल ऑफ द आर्ट्स आहे. गायक टोनी बेनेट यांच्या पुढाकारानं ती २००१ मध्ये सुरू झाली, आणि तीही सरकारी व मोफत. मॅनहॅटनमध्ये टॅलेंट अनलिमिटेड, प्रोफेशनल परफॉर्मिंग आर्ट्स आणि आर्ट अँड डिझाइन या शाळा आहेत. अर्जात यांची नावं पहिल्यापासून घाला, निकालानंतर धावपळ नको. आणि मुलाला नकाराचं पत्र आपण आधी वाचून, चेहरा पाडून दाखवू नका. त्याला स्वतः उघडू द्या.

जॅक्सन हाइट्सहून रोज जाणं झेपेल का?

झेपतं. ७४ व्या रस्त्यावरून सात नंबरची मेट्रो, टाइम्स स्क्वेअरला उतरून एक नंबर, आणि ६६ वा रस्ता. चेलो घेऊन जाणाऱ्या मुलाला गर्दीत त्रास होतो, त्यांनी थोडं लवकर निघावं.

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना काही बघता येईल का?

जरूर. हिवाळ्यात आणि वसंतात मुलांचे संगीताचे, नृत्याचे कार्यक्रम शाळेच्याच सभागृहात होतात, तिकीट काढून बाहेरच्यांनाही जाता येतं. शेजारीच लिंकन सेंटरमध्ये शहराचं प्रयोगकलांचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, तिथे फुकट बसता येतं. माझे सासरे डिसेंबरात तिथे दोन तास उबेत बसून राहिले आणि मग कार्यक्रमाला आले. कोट काढायला त्यांना मदत लागते, म्हणून आम्ही नेहमी कडेच्या खुर्च्या घ्यायचो.